एम.ए. इंग्रजी: विद्यापीठाचा वर्ग की इग्नू?

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू, म्हणजे दूरशिक्षण देणारं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, सोयीचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, ३० टक्के भार स्वाध्यायांना. ब्रिटिश कविता, नाटक, कादंबरी यांच्या पुस्तिका ई-ज्ञानकोश या इग्नूच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रेग्युलरवालेही परीक्षेआधी गुपचूप त्याच चाळतात! पण मिल्टन किंवा समीक्षा-सिद्धान्त एकट्यानं वाचताना दमछाक होते. पुणे विद्यापीठात वाद घालायला वर्गभर माणसं मिळतात, शिवाय जयकर ग्रंथालय हाताशी. हजेरी मात्र भरावीच लागते. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला दोन्ही पदव्या चालतात. खुल्या गटाला ५५ टक्के हवेत. पीएच.डी. डोक्यात असेल तर मी वर्गच निवडेन, कारण प्राध्यापकांशी ओळख तिथेच होते.