सूर्य डाव्या हाताला होता

केरळातील अलप्पुळ्याहून कोल्लमपर्यंत हाउसबोटीने दक्षिणेकडे नेण्याच्या नावाखाली आम्हा पतिपत्नीकडून 54,800 रुपये घेण्यात आले. प्रत्यक्षात आम्ही अलप्पुळ्याच्या उत्तरेला थोडे अंतर जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धक्क्यावर परत उतरलो. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून 31 वर्षे नोकरी केली आहे. ज्याने जन्मभर लोकांच्या बांधांच्या दिशा ठरवल्या त्याला भर दुपारी उत्तर-दक्षिण कळली नाही, असे माझा धाकटा भाऊ चार पाहुण्यांसमोर म्हणाला. तरीही लिहितो, कारण डिसेंबरच्या गर्दीसाठी आत्ताच आगाऊ रक्कम भरायला निघालेली माझ्यासारखी माणसे पुष्कळ असतील.

आम्ही अगदीच डोळे मिटून पैसे दिले, असे कोणी समजू नये. जलमार्ग खरा आहे. कोल्लम ते कोट्टप्पुरम हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 3 म्हणून 1993 साली घोषित झाला आणि चंपक्करा व उद्योगमंडल हे दोन कालवे धरून त्याची लांबी 205 किलोमीटर भरते, हे मी आधी वाचून काढले होते. करुमाडी, तोट्टप्पळ्ळी, त्रिक्कुन्नपुळा, कायंकुळम आणि शेवटी अष्टमुडी सरोवर, असा मार्ग मी नकाशावर पेन्सिलीने आखला होता. राज्य जलवाहतूक विभागाच्या पर्यटक बोटीने हे अंतर सुमारे आठ तासांत कापले जात असे; तेव्हा संध्याकाळी नांगर टाकणाऱ्या हाउसबोटीला दोन रात्री लागतील, हा हिशेबही जुळत होता. हाउसबोट ठरवून देणारा मध्यस्थ अस्खलित मराठी बोलत होता आणि मला काका म्हणत होता. परप्रांतात आपली भाषा कानावर पडली की आपण निम्मी चौकशी सोडून देतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

दोन रात्रींचे भाडे 42,000 रुपये ठरले. 28 सप्टेंबर 2024 रोजी निम्मी रक्कम, म्हणजे 21,000 रुपये, यूपीआयने दिली. 9 ऑक्टोबरला ‘त्रिक्कुन्नपुळा लॉक आणि जलमार्ग परवाना’ या नावाखाली 4,800 रुपये मागितले गेले. तेथे बोटींना जाण्यासाठी उघडणाऱ्या दरवाजांचे लॉक खरोखरच आहे, त्यामुळे मला संशय तर आला नाहीच, उलट माणूस माहीतगार आहे असे वाटले. खऱ्या जागेचे नाव घेऊन मागितलेला पैसा खराच असतो असे नाही. 15 ऑक्टोबरला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलेलो असताना ‘कोल्लमला परत मिळणारी अनामत’ म्हणून 8,000 रुपये गेले, आणि 16 तारखेला धक्क्यावर एका पोरसवदा मुलाने मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे धरून उरलेले 21,000 रुपये घेतले. चार वेळा पैसे दिले आणि पडद्यावर घेणाऱ्यांची नावे तीन वेगवेगळी आली. पिन टाकण्याआधी ते नाव मोठ्याने वाचा. वाचताना आपल्याच तोंडून आपल्याला शंका ऐकू येते.

हाउसबोटही आधी दाखवलेल्या फोटोतली नव्हती. फोटोतल्या नावेचा नोंदणी क्रमांक पुसट केलेला होता, आणि आमच्यासमोर उभी असलेली नाव जुनी, एका बाजूचा वेत सुटलेली होती. विचारल्यावर ‘ती दुरुस्तीला गेली, ही तिच्याच मालकाची’ असे उत्तर मिळाले. दोन पिशव्या, एक बॅग आणि पत्नीने घरून आणलेला कोजागरीचा दूधमसाला हातात घेऊन उन्हात उभ्या असलेल्या साठीच्या माणसाने तेथे भांडण काढायला हवे होते, हे मला आता पंख्याखाली बसून कळते.

आता ज्या क्षणाबद्दल मला रोज रात्री स्वतःचा राग येतो, त्याकडे येतो. जेवणासाठी नाव एका काठाला तासभर थांबली आणि मग निघाली. सकाळपासूनचे ढग पांगले होते. पावणेचारच्या सुमारास पुढच्या वेताच्या खुर्चीवर बसलेली माझी पत्नी म्हणाली, “अहो, आपण दक्षिणेला चाललोय ना? मग ऊन डावीकडून कसं येतंय?” दुपारनंतर दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाच्या उजव्या हाताला सूर्य असतो, हे शिकवायला भूकरमापक लागत नाही, गुराखीही ते सांगेल. मी मात्र तिला म्हणालो की जलमार्ग वळणावळणाचे असतात, जरा धीर धर. वळण कोठेही नव्हते. समोर कालवा अरुंद होत जाण्याऐवजी पाणी पसरत चालले होते आणि दोन्ही काठ दूर सरकत होते. ते वेंबनाड सरोवर होते. थोड्या वेळाने नाव चालवणाऱ्या तांडेलाने स्वतःहून हात करून एक हिरवे बेट दाखवले आणि ‘पातिरामणल’ असे म्हणाला. हे नाव मी नकाशावर अलप्पुळ्याच्या उत्तरेला स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले होते. मी त्या बेटाचा फोटो काढला.

साडेपाचला नाव काठाला बांधली गेली. मासेमारांची जाळी पडत असल्यामुळे रात्री हाउसबोटी चालवत नाहीत, तेव्हा त्यात गैर काही नव्हते. तांडेलाला मलयाळमखेरीज भाषा येत नव्हती. मी ‘कोल्लम?’ असे विचारले आणि त्याने मान डोलावली. ती होकाराची की नकाराची, हे मी माझ्या सोयीने ठरवले. आचाऱ्याने दूध तापवून दिले, आम्ही त्यात मसाला घातला आणि कोजागरीच्या चांदण्यात, चुकीच्या सरोवरावर बसून ते प्यालो. खोटे कशाला बोलू, दूध चांगले झाले होते.

सकाळी साडेआठला ओळखीचा धक्का दिसला, तेव्हा गोष्ट लपण्यासारखी राहिली नाही. शेजारच्या नावेवरच्या हिंदी जाणणाऱ्या माणसाने मध्ये पडून उलगडा केला. या नावेला एका रात्रीसाठी, अलप्पुळा ते अलप्पुळा, 11,000 रुपये मिळाले होते आणि तांडेलाने मोबाइलवर तशी नोंदही दाखवली. कोल्लमचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नव्हते. नऊ वाजता आमच्या जागी दुसरे कुटुंब चढायचे होते. म्हणजे 43,800 रुपये मधल्या मध्ये गेले. काका म्हणणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. नावेत पाय ठेवण्यापूर्वी तांडेलाला थेट विचारा की उद्या रात्री नाव कोठे बांधणार. भाषा येत नसेल तर धक्क्यावरचा कोणीही माणूस सांगून देईल.

यानंतरचा अनुभव फसवणुकीपेक्षाही कडू आहे. तेथील पोलीस ठाण्यात आम्हाला दीड तास बाकावर बसवले आणि नंतर सांगितले की तुम्ही नावेत बसलात, जेवलात, झोपलात, मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे. एका कार्यालयात ‘मध्यस्थ आमच्याकडे नोंदलेला नाही, त्यामुळे कारवाई करता येत नाही’ असे ऐकवले गेले. नोंद नसलेला माणूस धक्क्यावर उभा राहून पैसे घेतो हीच माझी तक्रार होती, तेच त्यांचे उत्तर झाले. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदली गेली आणि पोचही मिळाली, पण तोवर पैसे काढले गेले होते आणि एका खात्यात फक्त 1,140 रुपये गोठवता आले. तेसुद्धा न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. फोन लगेच, पहिल्या तासातच करा. आम्ही ठाण्याच्या बाकावर बसून तो तास घालवला.

माझ्या बँकेच्या शाखेत मी चार वेळा गेलो. ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ या एका प्रश्नावर प्रत्येक भेट संपली. घरच्या ठाण्यात सांगण्यात आले की गुन्हा केरळात घडला, तिकडे जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी कागदावर लिहून नेले होते. अंमलदारांनी तो कागद वाचला, त्याची घडी घातली आणि साहेब बंदोबस्तावरून आल्यावर या, असे सांगितले. साहेब तीन आठवडे बंदोबस्तावर होते. चौथ्या आठवड्यात माझा अर्ज ‘चौकशीवर’ ठेवला गेला आणि त्याची पोच मागितली तेव्हा शिक्का सापडत नव्हता. ज्या खात्यात एका शिक्क्यावाचून मी कधी कोणाचा नकाशा अडवून ठेवला नाही... असो, अडवलेही असतील.

कोल्लमला आम्ही शेवटी गेलो, आगगाडीने, कारण परतीचे आरक्षण तेथूनच होते.

राहिला एकच मार्ग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदाराला आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून आम्ही दोघांच्या नावे अर्ज तयार केला. त्यासाठी पावत्या, संदेश आणि फोटो जपून ठेवा. माझ्याकडचा सर्वांत उपयोगी पुरावा पातिरामणलचा तो फोटोच निघाला, कारण त्यावर वेळ आणि ठिकाण उमटलेले आहे. मसुदा मी लिहिला आणि वकिलांनी तपासला. सही करण्यापूर्वी पत्नीने तो दोनदा वाचला आणि मुद्दा क्रमांक 7 नंतर एक वाक्य घालायला लावले. ते तसेच दाखल झाले आहे: “सायंकाळी 3.45 वाजण्याच्या सुमारास सूर्य डाव्या हाताला असल्याची बाब तक्रारदार क्र. 2 यांनी तक्रारदार क्र. 1 यांच्या निदर्शनास आणून दिली होती.”