घातक कचऱ्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, सहा महिन्यांनी: शिकवलं चांगलं, पण ती लेबलं!

संस्थेकडून परवा मेसेज आला, 'आपला अनुभव कळवा'. म्हणून कळवतो.

मी चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीत एका लहान केमिकल युनिटचं स्टोअर सांभाळतो. मे महिन्यात माणशी ७,५०० अधिक जीएसटी भरून आम्ही तिघांनी हे प्रशिक्षण केलं. एसडीएसचे, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे सोळा विभाग, कचऱ्याच्या गाडीसोबत जाणाऱ्या मॅनिफेस्टच्या सात रंगांच्या प्रती, ९० दिवसांची साठवण मुदत, सगळं झालं. जेवण बरं होतं.

आता लेबलं. किटमध्ये प्रत्येकी पन्नास दिली होती, कचऱ्याच्या ड्रमांवर लावायची, फॉर्म ८ ची, पिवळी. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत त्या फॉर्मखालीच लिहिलंय की लेबल पाण्याने न धुपणारं, ऊनपावसात टिकणारं हवं. सरांनी ती ओळ आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि हातात दिला साधा कागद! मागे गोंद. आमच्या शेडला पत्रा आहे, पण भिंती अर्ध्याच, झड आत येते. जूनमध्ये पाऊस लागला आणि चार दिवसांत ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) गाळाच्या ड्रमांवर नुसते पिवळे ओघळ. लाल अक्षरं त्याआधीच गेली. लेबल गेलं म्हणजे साठवणुकीची तारीखही गेली, मग ९० दिवस मोजायचे कुठून? अकरा ड्रमांसाठी रजिस्टर धुंडाळण्यात माझा अख्खा रविवार गेला. फोन केला तर म्हणे, 'ती नमुन्यादाखल होती.' नमुना एक पुरतो हो, पन्नास कशाला?

तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता.

ऑगस्टमध्ये सेकंड शिफ्टला नायट्रिक अॅसिडचा कारबॉय (मोठा कॅन) उतरवताना तडकला. नवीन हेल्पर पोरगा धावत जाऊन भुशाचं पोतं घेऊन आला. त्याला बोल लावत नाही, तेल सांडलं की आमच्याकडे भुसाच टाकतात. माझ्याबरोबर प्रशिक्षणाला आलेला ऑपरेटर ओरडला, 'भुसा नको, पेट घेईल!' नायट्रिक ऑक्सिडायझर, म्हणजे आगीला जोर देणारं, त्यात लाकडाचा भुसा म्हणजे सरपणच. तपकिरी धूर सुरू झाला होता. वारा जिकडून येत होता त्या बाजूला त्याने सगळ्यांना काढलं, बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क) आणि अॅसिडचा सूट चढवला, कोरड्या वाळूचा बांध घातला, मग अॅसिड मारायला सोडा अॅश थोडा थोडा टाकत गेला. कुणाला काही झालं नाही. हे सगळं सरांनी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाच मिनिटांत सांगितलं होतं. मी तेव्हा पेंगत होतो, खोटं कशाला बोलू.

गोळा केलेली वाळूही घातक कचराच. तिचाही ड्रम, त्यालाही लेबल. एव्हाना मी चिपळूणच्या रेडियमवाल्याकडून लेबलं करून आणली होती, नगाला बारा रुपये, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांत. अख्खा पावसाळा काढला त्यांनी, कोपराही सुटला नाही.

चार स्टार. पाचवा त्या गोंदापायी कापलाय. पुढच्या बॅचला चौघांना पाठवतोय, लेबलांचे पैसे फीमधून वजा करा असं कळवलंय. अजून उत्तर नाही.