डॉग ट्रेनर व्हायचंय? घरोघरी सेशन की स्वतःचं बोर्डिंग

या लाइनमध्ये यायचं ठरवलेली बरीच मुलंमुली एकाच प्रश्नावर अडतात. लोकांच्या घरी जाऊन सेशन घ्यायची की शहराबाहेर जागा बघून बोर्ड अँड ट्रेन सुरू करायचं, म्हणजे कुत्रा महिनाभर आपल्याकडे ठेवून घ्यायचा आणि शिकवून परत पाठवायचा. मी पुण्यात दोन्ही करून बघितलंय आणि आता फक्त घरोघरी जातो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगितलेलं बरं.

पैशाच्या बाबतीत बोर्डिंग उजवं वाटतं आणि बऱ्यापैकी आहेही. एका जागी पाचसहा कुत्री, प्रवास नाही, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत तर जागा पुरत नाही. घरोघरी जाणाऱ्याचं काम सकाळी आणि संध्याकाळी, कारण लोक दिवसभर ऑफिसला, आणि नेमका तेव्हाच ट्रॅफिक. बाणेरहून हडपसरला पावसात टू व्हीलरवर जायचं म्हणजे सेशनपेक्षा रस्ताच जास्त दमवतो. पण बोर्डिंगवाल्याला रात्र स्वतःची नसते हेही लक्षात घ्या, एखाद्याला जुलाब लागले की पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा तो जीवघेणा संसर्ग, तर नाही ना म्हणून जीव टांगणीला, एकाला केनेल कफ, म्हणजे पटकन पसरणारा खोकला, झाला की सगळ्यांवर नजर ठेवायची, वर शेजाऱ्यांची भुंकण्याची तक्रार, आणि भरवशाचा माणूस मिळणं तर सगळ्यात अवघड.

बोर्डिंगची एक गोष्ट मात्र मी मनापासून मानतो. कुत्रा चोवीस तास डोळ्यासमोर असतो. तो कसा झोपतो, दुसरा कुत्रा जवळ आला की गुरगुरायच्या आधी अंग कसं ताठ करतो, तोंड कसं फिरवतो, जीभ ओठांवरून कशी फिरते, हे तासाभराच्या सेशनमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून नवीन असाल तर काही महिने कुणाच्या तरी बोर्डिंगमध्ये हाताखाली काम करा, अगदी शी-शू साफ करायचं असलं तरी करा, तिथे नजर तयार होते.

आता माझ्यासाठी गोष्ट कुठे फिरली ते सांगतो. बोर्डिंगहून कुत्रा घरी गेला की आठ-पंधरा दिवसांत फोन यायचा, "सर, हा फक्त तुमचंच ऐकतो." एक लॅब्रॅडोर होता, आमच्याकडे ताटली खाली ठेवली तरी सांगेपर्यंत हलायचा नाही, गेटपाशी बसून राहायचा. घरी गेल्यावर बेल वाजली की पहिल्यासारखाच दारावर झेप. मी त्यांच्या घरी गेलो आणि बेल वाजवली, तर मुलगा ओरडतोय, वडील कॉलर धरून मागे ओढतायत, आणि आजी स्वयंपाकघरातून पोळीचा तुकडा घेऊन येतायत, तो गप्प बसावा म्हणून. म्हणजे बेल, झेप, आरडाओरडा, पोळी, हा क्रम रोज पक्का होत होता. आमच्या प्लॉटवर ना बेल होती, ना आजी, ना चौथ्या मजल्यावरची लिफ्ट. मग शिकवणार काय आणि कुणाला?

कुत्रा एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप करत नाही, त्याला जागा, माणूस, आवाज सगळं मिळून लक्षात राहतं. आणि ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं, बक्षीस देणारा घरातला असो की आपण. मग त्या घरी आम्ही बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आधी अगदी हळू वाजवला, चपलांच्या रॅकशेजारी एक चटई टाकली, आणि पोळीचा तुकडा आजींनीच द्यायचा पण तो चटईवर बसल्यावरच, असं ठरवलं. त्या घरातल्या सगळ्यात चांगल्या ट्रेनर आजी निघाल्या, कारण दिवसभर घरात त्याच होत्या.

बिहेवियरच्या केसेस घेणार असाल तर हे आणखीच पटेल. घरातले बाहेर पडले की कुत्रा दार ओरबाडतो, ही केस बोर्डिंगमध्ये ठेवून कशी सुटणार, त्याचं दुखणंच ते घर रिकामं होण्यात आहे. पिल्लांचंही तसंच, साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात जे बघतील-ऐकतील ते त्यांना पुढे नॉर्मल वाटतं, तेव्हा कुकरची शिट्टी, मिक्सर, घरी येणारी पोरंटोरं हे सगळं घरातच भेटलेलं बरं, लस पूर्ण व्हायच्या आधी दहा कुत्र्यांत नेऊन ठेवण्यापेक्षा.

आणखी एक, थोडं बोचणारं आहे पण बोलायला हवं. महिन्याच्या शेवटी रिझल्ट दाखवायचा असतो आणि बघायला मालक नसतो, तिथे गळा आवळणारी चोक चेन ओढून काम उरकायचा मोह होतो. सगळे करत नाहीत, फार प्रेमाने बोर्डिंग चालवणारी माणसं मला माहीत आहेत. पण आपल्याकडे ट्रेनरला सरकारी लायसन्स लागत नाही, कुणीही बोर्ड लावू शकतो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन बघणाऱ्या व्हेट्सच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट म्हटलंय की सगळ्याच कुत्र्यांना, अग्रेसिव्ह असले तरी, बक्षीस देऊनच शिकवावं. घरी मालक समोर बसलेला असतो, प्रत्येक गोष्ट त्याला समजावून सांगावी लागते, त्याने आपलंही काम स्वच्छ राहतं.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. सीपीडीटी-केए या डॉग ट्रेनरच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला मागच्या तीन वर्षांत किमान 300 तास शिकवल्याचा अनुभव लागतो, घरोघरीच्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. बारावीत असाल आणि औषधांसकट बिहेवियरचं काम करायचं असेल तर NEET परीक्षा देऊन व्हेटर्नरीचा साडेपाच वर्षांचा रस्ता धरा, परळचं कॉलेज 1886 पासून आहे, औषध लिहायचा अधिकार व्हेटलाच. अचानक चावायला लागलेल्या कुत्र्याला तर आधी व्हेटकडेच पाठवा, कान किंवा कंबर दुखत असेल तर ट्रेनिंग काय करणार.

तुमच्याकडे स्वतःची जागा असेल आणि रात्री थांबायला घरचं कुणी असेल तर बोर्डिंगला मी सरसकट नाही म्हणणार नाही. फक्त घरच्यांनी आठवड्यातून एकदा येऊन स्वतः लीश हातात घ्यायची आणि कुत्रा परत गेल्यावर निदान दोनतीन सेशन त्यांच्या घरी व्हायची, ही अट पैसे घ्यायच्या आधी लिहून घ्या. अट मान्य नसलेली केस मी तरी घेणार नाही.