व्हॉल्व्हच्या बॅटरी रेडिओला वीज कुठून द्यायची?

ओसरीतल्या फळीवरचा आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ पुन्हा बोलता करायचा, तर पहिली अडचण बॅटरीची. विटेएवढा तो पुठ्ठ्याचा पॅक आता मिळत नाही. त्यात दोन बॅटऱ्या असत: फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्हमधली बारीक तार, तापवायला दीड व्होल्टची आणि एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजसाठी, 90 व्होल्टची.

आधी सेटच्या मागचा कागद वाचा. डीके 91, डीएफ 91, डीएएफ 91, डीएल 92 असे चार व्हॉल्व्ह असतील, तर फिलामेंटला मिळून पाव अँपिअर आणि एचटीला दहाएक मिलिअँपिअर लागतात. 96 च्या घराण्यातले (डीके 96 वगैरे) व्हॉल्व्ह फिलामेंटला त्याच्या निम्माच करंट घेतात. फिलामेंट एकामागे एक जोडलेले सेट किंवा 6 व्होल्टवर चालणारे व्हायब्रेटरवाले सेट यांचं गणित वेगळं, ते इथं धरलेलं नाही.

गावात पहिला सल्ला एलिमिनेटरचाच, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या लाईटवरून डीसी देणाऱ्या डब्याचाच, मिळतो. “लाईट असताना बॅटऱ्या कायले पाहिजे वो?” मेनवरच्या रेडिओत फिलामेंट आणि कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वेगळे असतात, म्हणून तिथं एसी चालून जातो. या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंटच कॅथोड. त्यामुळे फिलामेंटच्या डीसीत जराशी लहर राहिली की ती घरघर होऊन थेट स्पीकरमधून येते. एलएम 317 या रेग्युलेटर आयसीवर 1.4 व्होल्ट लावून मोठा कंडेन्सर दिला की काम होतं, पण आपल्याकडची लाईट कशी आहे ते ठाऊकच आहे. रब्बीत ओलिताच्या मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर नसलेली एचटी त्याच्यासोबत उड्या मारते. शिवाय एलईडी बल्बची खरखर त्याच तारेतून घरात येते. (शेजारच्या शेताच्या कुंपणावरच्या झटका मशीनची टिक-टिक मात्र कोणतीही सोय केली तरी ऐकू येणारच.) ट्रान्सफॉर्मर टाळून थेट मेनवरून स्वस्तातलं काही जोडणार असाल, तर तो विचार सोडा, चॅसीला (रेडिओच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) करंट येतो.

दुसरी सोय फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवर एचटी तयार करणारं बूस्ट मॉड्यूल. हंगाम नसताना ती बॅटरी रिकामीच पडलेली असते. पण मॉड्यूलचं स्विचिंग मिडीयम वेव्हवर जागोजागी शिट्ट्या मारतं. मॉड्यूल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवा, डबा चॅसीला जोडा, येणाऱ्या-जाणाऱ्या तारांत चोक (तारेचं वेटोळं) घाला, तेव्हा कुठं नागपूर आकाशवाणीचं 585 किलोहर्ट्झ स्वच्छ लागतं. फिलामेंटला तरीही वेगळा सेल ठेवा. रोज चार-पाच तास ऐकणाऱ्यानं हा खटाटोप करावा.

माझं मत तिसऱ्या सोयीला: 9 व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक, आणि फिलामेंटला टॉर्चचे दोन मोठे सेल समांतर. समांतर म्हणजे अधिकला अधिक. टॉर्चमधल्यासारखे ओळीनं लावले तर 3 व्होल्ट होतात आणि व्हॉल्व्ह जातात. 67.5 व्होल्टच्या सेटला सात बॅटऱ्या पुरतात. घरघर नाही, शिट्टी नाही, लाईट गेली तरी फरक नाही. रोज तासभर ऐकलं तर एचटीचा संच महिनाभर सहज निघतो. खर्च वाढतो तो रोज ऐकणाऱ्याचा. सणावाराला लावणाऱ्यासाठी याहून स्वस्त काही नाही.

सोय कोणतीही घ्या, तारांचे रंग ठरवून टाका. मी एकदा संध्याकाळच्या अंधारात 90 ची तार फिलामेंटच्या पिनला लावली. लख्ख उजेड, क्षणभरच, आणि चारही व्हॉल्व्ह गेले. तेव्हापासून व्हॉल्व्ह काढून आधी सॉकेटवर मीटर लावतो. मग चारही व्हॉल्व्ह बसवतो आणि चाचणीपुरता एचटीच्या तारेत एक किलोओहमचा 10 वॅटचा रेझिस्टन्स घालतो. अशी चूक पुन्हा झालीच तर 90 मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही.

हे फिलामेंट दिवसाउजेडी दिसतही नाही इतकं मंद तापतं. दिसत नाही म्हणून व्होल्टेज वाढवू नका. आवाज येत नसेल तर आधी आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिड पिनवरचा जुना कागदी कंडेन्सर बदला.

जुन्या पॅकचं खोकं टाकू नका. माझ्या दहा बॅटऱ्या आणि दोन सेल त्यातच बसले, आणि मागचं झाकणही लागलं.