किमचीच्या दोन वाट्या आणि 'स्टाफ कॉन्ट्रिब्यूशन'

लेकीचा पहिला पगार झाला आणि तिने फर्मान काढलं, आज घरी कुकर लावायचा नाही. बाणेरला एका 'पॅन-एशियन' हॉटेलात टेबल बुक केलं होतं तिने. हॉटेलाचं नाव लिहीत नाही. अशी हॉटेलं आता पुण्यात गल्लोगल्ली झालीत, आणि तुमच्या बाबतीत हे घडेल ते दुसऱ्याच कुठल्या तरी पाटीखाली.

आम्ही चौघं होतो: मी, हे, लेक आणि सासूबाई. बांबूचे दिवे, भिंतीवर निळी लाट, मंद संगीत. मेन्यूकार्ड मात्र नाही, टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. लेकीने फोनवर मेन्यू उघडला आणि आम्ही तो आळीपाळीने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. सासूबाईंनी चष्मा पुसला, फोन थोडा लांब धरला, थोडा जवळ धरला आणि परत देऊन टाकला. "तूच मागव गं काय ते." कागदी कार्ड हातात आलं की आपली नजर आधी उजवीकडे किमतीवर जाते. फोनवर पदार्थाचा फोटो हा एवढा मोठा आणि किंमत खाली, फिक्या राखाडी अक्षरात.

वेटर आला. "स्टिल ऑर स्पार्कलिंग, मॅम?" इथे पाणी दोनच प्रकारचं मिळतं असं मला वाटलं. यांनी तोऱ्यात "स्टिल" म्हणून सांगितलं आणि काचेच्या दोन बाटल्या आल्या. पाठोपाठ किमचीच्या दोन वाट्या, न मागता. आपल्याकडे बसल्याबसल्या कांदा-लिंबू येतो ना, तसंच असणार असं आम्ही धरलं. सासूबाईंनी एक फोड तोंडात टाकली. "कोबीचं लोणचं बिघडलंय," म्हणाल्या. (कोरियात अशा वाट्या जेवणाबरोबरच येतात, संपल्या की भरून मिळतात आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. हे लेकीने नंतर सांगितलं, आणि माझा राग आणखी वाढला.)

दोन प्लेट डिमसम, पॅड थाई, रामेन, ग्रीन करी आणि गवती चहाचा दोन ग्लास आइस टी, एवढं सांगून झालं होतं. वेटर जागचा हलेना. लेकीकडे वाकून म्हणाला, "आज शेफचं स्पेशल व्हेज सुशी प्लॅटर आहे. लिमिटेड आहे. फर्स्ट सॅलरी सेलिब्रेशन आहे ना, ट्राय करा." पहिल्या पगाराचं त्याला कसं कळलं म्हणाल, तर मीच कौतुकाने सांगून बसले होते. मंडईत भाव विचारल्याशिवाय मी मेथीच्या जुडीला हात लावत नाही. तिथे मात्र जीभ टाळ्याला चिकटली. लेकीची पार्टी, तिला वाटायचं आई पैसे मोजत बसलीय. ती म्हणाली, "हो, आणा."

जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पॅड थाईला सासूबाई शेवटपर्यंत 'शेवया' म्हणत होत्या, पण सगळी संपवली त्यांनीच.

बिल चामड्याच्या पाकिटात आलं. लेकीने पाकीट उघडलं, शेवटचा आकडा पाहिला, फोनवरून पैसे दिले आणि वर दोनशेची नोट ठेवली. मी म्हटलं, "अगं, बघू तरी." ती हळूच म्हणाली, "आई, जाऊ दे ना, प्लीज." बिल मी घडी करून पर्समध्ये टाकलं. अर्धी राहिलेली पाण्याची बाटलीही उचलली, सवयीप्रमाणे.

घरी येऊन डायनिंग टेबलाच्या दिव्याखाली बिल उलगडलं. मनातल्या मनात मी साडेतीन हजार धरले होते, दिले होते ५,८१५. सुशी प्लॅटर १,६५०. दोन बाटल्या पाणी ३२०. किमचीच्या वाट्या प्रत्येकी १२०, म्हणजे २४०. पदार्थांची बेरीज ५,०३५. त्याखाली बारीक अक्षरात तीन ओळी: 'स्टाफ कॉन्ट. १०%' ५०३.५०, सीजीएसटी २.५%, एसजीएसटी २.५%. तिन्ही एका रांगेत, एकाच टायपात. लेकीला ते तिन्ही सरकारी कर वाटले होते. मलाही तेच वाटलं असतं. आणि त्यावर आम्ही दोनशे रुपये टिप ठेवून आलो होतो.

बाटलीवरची छापील किंमत ९०, बिलात १६०. हे तर उघडउघड पकडलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बिल दाखवलं, ते कराची कामं करतात. बाटलीवरून त्यांनी माझी निराशाच केली. टेबलावर बसवून वाढलेल्या पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे हॉटेल घेऊ शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. म्हणजे बसल्याबसल्या "साधं पाणी द्या" म्हणायचं, एवढंच आपल्या हातात. जीएसटीच्या नंबरात आणि दरातही खोट नव्हती. नंबर पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा २७ सुरुवातीला, आणि अशा हॉटेलांना कर एकूण पाच टक्के तो बरोबर लावलेला. सुशीचं म्हणाल, तर आपण 'हो' म्हणालो होतो. विषय संपला.

मग त्यांनी पेनाने त्या 'स्टाफ कॉन्ट.'च्या ओळीखाली रेघ मारली. हा दुसऱ्या नावाने लावलेला सर्व्हिस चार्जच, म्हणाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियमावली काढली, तीत स्पष्ट म्हटलंय: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला कोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. "पैसे देण्याआधी 'ही ओळ काढा' म्हणाला असतात, तर दोन मिनिटांत दुसरं बिल छापून आलं असतं," शेजारी म्हणाले. "त्यांना नियम पाठ असतात हो. तुम्हाला माहीत नाही, एवढ्यावर चालतं सगळं."

मी हॉटेलात फोन लावला. मॅनेजर गोड बोलला. "मॅडम, मेन्यूच्या शेवटी लिहिलेलं आहे." लेकीच्या फोनवर मेन्यू परत उघडून पाहिला. बावीस वेळा अंगठा सरकवल्यावर, गोड पदार्थांच्याही खाली, खरंच लिहिलेलं होतं. ते ऐच्छिक आहे, हे मात्र नव्हतं. मी म्हटलं, "मग आम्ही नाही देत. परत करा." तो म्हणाला, सिस्टिममध्ये तशी सोय नाही.

सिस्टिममध्ये १९१५ ची सोय होती. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. लेक म्हणाली, "पाचशे रुपयांसाठी कशाला?" मी तिला तिच्या तासाचा पगार काढून दाखवला, मग गप्प बसली आणि तिनेच बिलाचा आणि पैसे गेल्याचा फोटो जोडून तक्रार नोंदवली. बिल जपून आणलं म्हणून हे जमलं. नवव्या दिवशी तिच्या खात्यात ५२९ रुपये आले, चार्ज आणि त्यावरचा कर मिळून. ना फोन, ना दिलगिरी. किमची आणि सुशी गेली ती गेलीच.

परवा लेकीच्या ऑफिसातल्या मुली त्याच हॉटेलात जाऊन आल्या. मी बिलाचा फोटो मागवून घेतला. 'स्टाफ कॉन्ट.' ही ओळ आता नाही. तिच्या जागी 'एक्सपीरियन्स फी' आहे. दहा टक्के.