टोपीचा बॅज की शोल्डर टायटल: सुरुवात कशापासून करावी?

जुन्या लष्करी चिन्हांचा संग्रह सुरू करताना पैसे मोजकेच असतात, आणि प्रश्न पडतो तो हा: टोपी-पगडीवरचे बॅज जमवावेत की खांद्यावरची पितळी अक्षरं, म्हणजे शोल्डर टायटलं? मी आधी काही वर्षं फक्त बॅज घेतले, मग टायटलांकडे वळलो.

देखणेपणात बॅजला तोड नाही. महार रेजिमेंटचा जुना बॅज घ्या: दोन व्हिकर्स मशीनगन आणि कोरेगावचा स्तंभ. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. असा स्तंभवाला बॅज समोर आला की नजर हटत नाही. काळही ढोबळमानाने लगेच कळतो. मुकुट असेल तर 1950 च्या आधीचा, सिंह असतील तर नंतरचा. आणखी एक खूण मला फार उपयोगी पडली. 1901 ते 1952 या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात. मधोमध दबलेल्या कमानींचा मुकुट त्याआधीच्या व्हिक्टोरिया राणीच्या किंवा नंतरच्या एलिझाबेथ राणीच्या काळातला. एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा आपलं प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणून पलटणीचं 1922 नंतरचं नाव आणि दबक्या कमानीचा मुकुट एकत्र दिसले की तो बॅज मी खाली ठेवतो.

पण माझं मन बॅजवरून उडालं ते एका ट्रेमुळे. बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलेल्या एका बॅजच्या डाव्या कडेला बारीक टवका होता. सैनिकाच्या हातून कुठेतरी आपटला असेल, असं समजून मी तो टवका कौतुकाने दाखवत असे. वर्षभराने दुसऱ्या एका विक्रेत्याच्या ट्रेमध्ये तसेच तीन बॅज दिसले. तिघांनाही तोच टवका, त्याच जागी. एका मूळ बॅजवरून साचा काढून ओतलेली ती भावंडं होती. घरी येऊन माझा बॅज भिंगाखाली धरला, तर मागची बाजू रवाळ आणि खळग्यांत बारीक फोड. ओतीव म्हणजे नकली, असा सोपा नियम करावा तर तोही चालत नाही. इथल्या बाजारात त्या काळीही ओतून बॅज बनत, आणि ते अस्सल आहेत. उलट जुन्याच ठशावर नव्याने मारलेले रीस्ट्राइक दिसायला निर्दोष असतात. प्रत्येक खरेदीनंतर हीच धाकधूक राहायची.

टायटलांच्या नकला होत नाहीत असं नाही. माझ्या अनुभवात कमी सापडल्या, कदाचित दिसायला साधी म्हणून. शिवाय त्यांची मागची बाजू बरंच काही सांगते. तांब्याच्या कड्या पिन घासून आतून झिजलेल्या असतात, अक्षरांच्या कडा पॉलिशने गुळगुळीत होतात आणि कोपऱ्यांत वाळलेलं पॉलिश पांढरट-हिरवं होऊन बसलेलं असतं. असा असमान वापर नकली मालावर आणणं अवघड. कडी नव्याने डाग देऊन बसवली असेल तर किंमत उतरवून मागा.

टायटल ओळखण्यातली खरी गंमत आकड्यांत आहे. 1903 च्या सरसेनापती किचनरच्या फेररचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले: तिसरी पलटण 103 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि 1922 मध्ये ती 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन बनली. त्यामुळे नुसता 5 पाहून हुरळू नका. 1922 पूर्वी तो 1915 साली सिंगापुरात बंड केलेल्या 5 व्या लाइट इन्फंट्रीचाही असू शकतो. अक्षरं पूर्ण वाचा. 'मराठा' शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढे दोन 'टी' असतील तर तुकडा सहसा स्वातंत्र्यापूर्वीचा.

एक कायद्याची बाब दोन्हींना लागू आहे. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकावर नजर ठेवून जुना माल घेणार असाल तर तो हिशेब सोडा.

भिंतीवर चौकटीत लावायला एखादीच वस्तू हवी असेल तर बॅजच घ्या, आणि आधी जाणकाराच्या हातात द्या. संग्रह म्हणून हळूहळू वाढवायचं असेल तर मी टायटलं घेईन. मला तरी एका बऱ्या बॅजच्या पैशांत तीन-चार मिळत आली. कोरेगावच्या स्तंभाचा खात्रीचा बॅज मात्र मी अजूनही शोधतो आहे.