युशूचा घोडदौडीचा उत्सव: शिनिंगहून घेतलेल्या सहलीचा अनुभव

चीनच्या छिंगहाय प्रांतातील युशू येथे साधारणतः २५ जुलैला खाम्पा, म्हणजे खाम प्रदेशातील तिबेटींचा घोडदौडीचा उत्सव सुरू होतो. तो पाहण्यासाठी पत्नी आणि मी प्रांताची राजधानी शिनिंग येथील एका लहान पर्यटन संस्थेची पाच दिवसांची सहल घेतली होती. युशू तिबेट स्वायत्त प्रदेशाबाहेर असल्यामुळे ल्हासासाठी लागणारा स्वतंत्र परवाना येथे लागत नाही, चीनचा व्हिसा पुरतो.

उत्सवाचा पहिला दिवस भाषणे, संचलन आणि समूहनृत्ये यांत गेला. पोवळी, फिरोजा आणि अंबर यांच्या दागिन्यांनी मढलेल्या स्त्रिया आणि वेण्यांमध्ये लाल गोंडे गुंफलेले पुरुष पाहून डोळे दिपतात, परंतु बसायची जागा इतकी दूर होती की घोडे ठिपक्यांएवढे दिसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र पशुपालक कुटुंबात वाढलेला आमचा वाटाड्या आम्हाला पहाटेच कुरणावर, घोडे सजवले जात होते तेथे घेऊन गेला, आणि या एका सकाळीसाठी मी संस्थेचा ऋणी आहे. तिबेटी घोडा चणीने लहान असतो, पण या विरळ हवेत तो ज्या दमाने धावतो ते जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. शेपटी गाठ मारून बांधलेली, आयाळीत रंगीत फिती आणि खोगिराखाली हातमागावर विणलेला गालिचा, असा त्याचा थाट असतो. स्वार निघण्यापूर्वी जुनिपर या सुगंधी झाडाच्या डहाळ्यांचा धूर देवतांना अर्पण केला गेला, आणि वाऱ्याचा घोडा म्हणजे ‘लुंगता’ छापलेले कागदाचे चौकोनी तुकडे मुठीमुठीने उधळले गेले. तिबेटी महाकाव्याचा नायक गेसर राजा याने घोड्याची शर्यत जिंकून सिंहासन मिळवल्याची कथा वाटाड्याने तेथेच उभ्या उभ्या सांगितली, तेव्हा त्याच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता.

सर्वांत जास्त वेळ मी ‘खाता’ उचलण्याच्या खेळापाशी थांबलो. जमिनीवर ठेवलेली ही पांढरी उपरणी स्वार भरधाव घोड्यावरून, खोगिरावरून जवळजवळ लोंबकळत, केस गवताला घासतील इतके खाली झुकून उचलतात. एक तरुण स्वार दोनदा चुकला आणि तिसऱ्या फेरीत त्याने एका झेपेत दोन उपरणी उचलली, तेव्हा सारे कुरण ओरडून उठले. त्यानंतर धावत्या घोड्यावरून बंदुकीने निशाणा साधण्याची स्पर्धाही झाली.

जेवण याकच्या केसांच्या काळ्या तंबूत, एका कुटुंबासोबत होते. शाकाहारी माणसाला भाजलेल्या जवाच्या पिठाचा त्साम्पा, लोणी घातलेला खारट चहा आणि याकच्या दुधाचे घट्ट दही यांवर दिवस काढता येतो. दही तर अप्रतिम होते. चहाची चव जमायला मला दोन दिवस लागले.

तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे, आणि ती गंभीर आहे. शिनिंग सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, युशू सुमारे ३,७०० मीटरवर आणि तेथील विमानतळ त्याहूनही वर. तरीही संस्थेने सकाळच्या विमानाने उतरवून दुपारीच आम्हाला मैदानावर नेले. त्या रात्री पत्नीला तीव्र डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास झाला. वाटाड्याने ऑक्सिजनचा डबा आणून रात्रभर विचारपूस केली, परंतु संस्थेच्या कार्यालयाने कार्यक्रम पुढे ढकलण्यास नकार दिला. विश्रांतीचा एक दिवस आरंभीच ठेवणे त्यांना सहज शक्य होते.

शेवटच्या दिवशी कोरीव प्रार्थना-शिळांचा प्रचंड ग्यानाक मणी ढीग आणि २०१० च्या भूकंपानंतर पुन्हा उभे राहिलेले शहर दाखवले, तेही घाईघाईत. सहल घेणार असाल तर शिनिंगमध्ये किमान दोन रात्री आधी काढा, युशूचा पहिला दिवस लेखी करारात मोकळा मागून घ्या आणि पशुपालक घरातलाच वाटाड्या मिळेल याची खात्री करा.